डिस्चार्ज बुकात आईचं नाव एक, आधारवर दुसरं: रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती कशी करून घ्यायची?

दारव्हा_तहसील:
बाबा महार रेजिमेंटमधून १९९४ ला नाईक म्हणून पेन्शनवर आले. त्यांच्या कागदांत आईच्या नावाचा घोळ आहे. डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या पुस्तिकेत, 'कमलाबाई', जन्म १९६२, एवढंच. स्पर्श या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर 'कमला देवी'. आधारवर 'कमल', पुढे बाबांचं नाव व आडनाव, जन्मतारीख ०१/०१/१९५८. शाळेच्या टी.सी.वर माहेरचं नाव 'बेबी', जन्म जून १९६२. जुन्या पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) आईचं नाव 'कमलाबाई' आहे, जन्मतारीख नाही. सेतूवाला म्हणतो, नोटरीचं प्रतिज्ञापत्र करा, स्पर्शवर चढवतो, होऊन जाते. तेवढ्यानं होईल का? बाबा हयात आहेत, सही करतात. सुरुवात कुठून करावी?

अभिलेख_बाबू:
सध्या स्पर्शवर काहीच चढवू नका. आधी चूक कोणत्या कागदात आहे ते वेगळं करा, कारण प्रत्येकीचा रस्ता निराळा आहे.

'कमला देवी' ही फक्त संगणकात माहिती भरतानाची चूक दिसते. उत्तरेकडच्या बाबूंच्या हातून 'बाई'चं 'देवी' होणं नवीन नाही. पीपीओत 'कमलाबाई' स्पष्ट असेल तर त्यासाठी प्रतिज्ञापत्र, पेपरातली जाहिरात काही लागत नाही. पीपीओ आणि डिस्चार्ज बुकाची प्रत लावून दुरुस्तीची विनंती टाकायची. पण ती आत्ता नको, सगळ्यात शेवटी टाका. नाहीतर आज 'कमलाबाई' करून घ्याल आणि चार महिन्यांनी पुन्हा 'कमल' करायला जाल.

मुळाशी असतो शीट रोल. भरतीपासूनच्या सगळ्या नोंदी त्यात असतात आणि तो रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात राहतो. महारचं सागरला, गार्ड्सचं कामठीला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला. शीट रोलमधली नोंद बदलायची तर रेकॉर्ड ऑफिस पार्ट टू ऑर्डर, म्हणजे बदल नोंदवणारा आदेश, काढतं. त्यावरून प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून सुधारित पीपीओ, म्हणजे कॉरिजेंडम, निघतो. मग स्पर्शवर उमटतं. वरून खाली असाच क्रम आहे. खालून वर ढकललेली विनंती 'रेकॉर्ड ऑफिसशी संपर्क साधा' या शेऱ्यासह परत येते.

म्हणून पहिलं काम, शीट रोलची प्रत मागवा. बाबांनी स्वतःच्या सहीनं माहिती अधिकारात अर्ज करावा, फी १० रुपये, मुदत ३० दिवस. अर्ज मुलाच्या नावानं केला तर त्रयस्थाची माहिती म्हणून नाकारू शकतात. डिस्चार्ज बुक हाती लिहिताना झालेली चूक शीट रोलमध्ये असेलच असं नाही. तिथं 'कमल' निघालं तर अर्धं काम तिथंच संपलं.

दाखल_खारीज:
नावापेक्षा जन्मतारीख जड जाईल, म्हणून त्याकडे आधी पाहा.

०१/०१ ही तारीख दिसली की समजावं, आधार काढताना कागद नव्हता, अंदाजे वय सांगितलं आणि यंत्रानं १ जानेवारी टाकली. आपल्याकडच्या खेड्यांतल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस त्या हिशेबानं एकाच दिवशी येतो. तुमच्या प्रकरणात डिस्चार्ज बुक आणि टी.सी. दोन्ही १९६२ सांगतात. म्हणजे फौजेची नोंद बरोबर आहे, चुकलं ते आधार. तेव्हा रेकॉर्डमधलं वर्ष आधारप्रमाणे करायला जाऊ नका, आधार दुरुस्त करा. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा, म्हणून कागद पक्का झाल्याशिवाय केंद्रावर जायचं नाही. कोणता पुरावा सध्या चालतो तेही आधी विचारून घ्या.

१९५८ धरायला रेकॉर्ड ऑफिस सहसा राजी होणार नाही, त्यालाही कारण आहे. ८० वर्षं पूर्ण झाली की कुटुंब पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ती ३० टक्के होते, ९० ला ४०. जन्मवर्ष चार वर्षं मागं नेलं की ती वाढ २०४२ ऐवजी २०३८ ला सुरू होणार. त्यामुळे मागे सरकणाऱ्या तारखेकडे बाबू संशयानंच पाहतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही एका अपघात भरपाईच्या प्रकरणात वय ठरवायला आधार बाजूला ठेवून शाळेचा दाखला धरला होता.

टी.सी.सोबत शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी घ्या. टी.सी. दुय्यम प्रत असेल तर तिच्यावर एकटीवर विसंबू नका. उताऱ्यावर रजिस्टरचा अनुक्रमांक, दाखल झाल्याची तारीख आणि वडिलांचं नाव आलंच पाहिजे. टी.सी. नसलेल्यांसाठी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मिळते. अडचण अशी की त्यात बहुतेक वेळा बाळाचं नावच नसतं. वडिलांचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख, एवढंच. भावंडांच्या तारखा जुळवून ती नोंद आपलीच आहे हे प्रतिज्ञापत्रात मांडावं लागतं.

वऱ्हाडी_जवान:
भाऊ, नोटरीवर पैसे घालू नका. रेकॉर्ड ऑफिसवाले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोरचं प्रतिज्ञापत्र मागतात. तहसीलदारासमोरचं कधी चालते, कधी 'ऑब्जर्वेशन', म्हणजे त्रुटीचा शेरा, लावून वापस येते. अन् मजकूर मराठीत करू नका. सागरच्या टेबलावर मराठी कोण वाचणार? हिंदीत नाहीतर इंग्रजीत करा. अर्जनवीस जुना साचा काढून देतो, त्यात बाबांचा आर्मी नंबरच नसते. तो, रँक, नाव, रेजिमेंट, पीपीओ नंबर, डिस्चार्जची तारीख हे सारं यायला पाहिजे.

तीनही नावं एकाच वाक्यात लिहा. माहेरचं नाव बेबी, सासरचं कमल, फौजेच्या नोंदीत कमलाबाई, ही एकच बाई आहे आणि माझं दुसरं लग्न झालेलं नाही. हे शेवटचं लय महत्त्वाचं. लग्नात नाव बदलते हे आपल्याला माहीत, तिकडं नाही. नाव वेगळं दिसलं की त्यांना पहिली शंका दुसऱ्या बायकोची येते.

मंग दोन पेपरात जाहिरात, एक इंग्रजी, एक मराठी. नागपूरचा हितवाद अन् कोणताही मराठी दैनिक चालते. कात्रण कापून पाठवू नका, पेपरचं नाव अन् तारीख दिसेल असं पूर्ण पान ठेवा. काही रेकॉर्ड ऑफिस राजपत्र मागतात. तसं लेखी आलं तरच करा, उगाच आधी नको.

अभिलेख_बाबू:
वरच्यात भर. अर्ज बाबांच्या नावानं, सही डिस्चार्ज बुकातल्या सहीसारखी. सोबत दोघांचा एकत्र फोटो, दोघांचे आधार आणि पॅन, डिस्चार्ज बुकाची कुटुंबाची नोंद असलेली पानं, पीपीओ, टी.सी., रजिस्टरचा उतारा, प्रतिज्ञापत्र, पेपरची पानं. सगळा संच तीन प्रतींत घेऊन यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून शिक्का आणि अग्रेषणाचं पत्र घेऊन स्पीड पोस्टनं सागरला. मूळ प्रतिज्ञापत्र जाईल, मूळ डिस्चार्ज बुक कधीच पाठवायचं नाही. ते टपालात गेलं तर दुय्यम काढताना नाकीनऊ येतात.

आधार आधी दुरुस्त होऊ द्या, मगच हा संच लावा. संचात १९५८ चं आधार गेलं की ऑब्जर्वेशन नक्की. आणि नाव कोणतं ठेवायचं ते आत्ताच ठरवा. बँकेचं खातं आणि ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड 'कमल' नावानं असेल तर सगळीकडे 'कमल'.

दारव्हा_तहसील:
बँक आणि ईसीएचएस दोन्ही 'कमल'च. आणखी एक. बाबांचीही जन्मतारीख दोन वर्षांनी जास्त लागली आहे म्हणतात. तीही याच अर्जात घालू का?

अभिलेख_बाबू:
नका घालू. सैनिकाची स्वतःची जन्मतारीख भरतीच्या वेळी जी मान्य झाली तीच धरतात, पेन्शनवर आल्यावर बदलत नाहीत. शीट रोलमध्ये एक आणि पीपीओत दुसरी, अशी उतरवण्याची चूक असेल तरच तो वेगळा अर्ज. आईच्या अर्जात ती मागणी घुसवली की त्या एका मुद्द्यावर अख्खी फाईल अडते.

दाखल_खारीज:
आणि हे बाबा हयात असतानाच उरका. नंतर आईला कुटुंब पेन्शनचा दावा आणि नावाची दुरुस्ती एकाच वेळी करावी लागेल, तोवर दावा थांबतो. सागरहून पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आला की त्याची प्रत मागून घ्या, स्पर्शवरच्या विनंतीला तोच जोडायचा.