फ्लूची लस म्हणजे "दोन हजाराचं पाणी"?

मुळाकाठची
परवा पावसाळ्याच्या तयारीच्या धाग्यावर सासवडकर तात्यांनी लिहिलं, "फ्लूची लस म्हणजे दोन हजाराचं पाणी. पोर भिजतं, चार दिवस शिंकतं, बरं होतं. आजकालच्या आयांना डॉक्टरने जरा घाबरवलं की पर्स उघडलीच." तिथे अवांतर नको म्हणून गप्प बसले. पण दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

तात्या, माझी पर्स गेल्या वर्षीपर्यंत बंदच होती. लेक सात महिन्यांची असताना डॉक्टरांनी सांगितलं होतं. सरकारी लसीकरण तक्त्यात नाही, म्हणजे ऐच्छिक, म्हणजे नसली तरी चालेल, असा हिशोब मी केला. गेल्या जुलैत, ती पावणेदोन वर्षांची असताना, मंगळवारी संध्याकाळी ताप आला. शिंकलीसुद्धा, अगदी तुम्ही म्हणता तशी. गुरुवारी रात्री श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. पाच दिवस ऑक्सिजन. रिपोर्टात इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लूच. शीर सापडेना म्हणून सलाईनसाठी चार जागी टोचलं, तेव्हा मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. बिलाचा आकडा सांगत नाही. दहावीपर्यंतच्या लसी त्यात झाल्या असत्या.

यंदा एप्रिलमध्ये पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. पहिल्या वर्षी दोन, पुढे वर्षाला एक. जून उजाडायच्या आत उरकलं, कारण आपल्याकडे फ्लू पावसाचं बोट धरून येतो आणि लस अंगी लागायला दोनेक आठवडे जातात.

तात्या_सासवडकर
मुलगी बरी झाली, आनंद आहे. पण तुमच्या एका पोरीवरून सगळ्या गावाला सुया टोचायच्या का? माझ्या नातवाला सुनेने गेल्या वर्षी दोन्ही डोस दिले. ऑगस्टात ताप, सर्दी, खोकला, आठ दिवस घर डोक्यावर. पैसे परत मिळाले का? दरवर्षी नवी घ्यावी लागते ती कसली लस! मला पहिलीत असताना देवीची टोचली, साठ वर्षं दंडावर वण मिरवतोय.

आणि २००९ विसरलात? पुण्यात शाळा बंद, थेटरं बंद, मास्कचा काळा बाजार, लोक रुमालात कापूर-वेलदोडा बांधून हुंगत फिरायचे. तेव्हा कुठे होती लस? जगलोच ना?

मुळाकाठची
"जगलोच ना" हे जगलेलेच म्हणतात, तात्या. स्वाईन फ्लूचा देशातला पहिला बळी त्याच ऑगस्टात पुण्यातच गेला. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. मी तेव्हा कॉलेजात होते, नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा पाहिल्यात.

गोळीवाला_कोल्हापूर
औषधाचं दुकान आहे म्हणून दोन शब्द. तात्या, नातवाला झाला तो फ्लूच, हे कशावरून? तपासणी केली होती? पावसाळ्यात डझनभर विषाणू फिरत असतात, ही लस फक्त इन्फ्लुएन्झाची. त्यातही विषाणूशी नीट जुळली त्या वर्षी संरक्षण चाळीस ते साठ टक्के. हे आधी कोणी सांगत नाही, मग पोराला सर्दी झाली की पालक माझ्या काउंटरवर येऊन भांडतात. दरवर्षी नवी, कारण हा विषाणू रूप बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू घ्यायचे त्याची यादी ठरवते, कंपन्या त्याप्रमाणे बनवतात. देवीचा विषाणू सभ्य होता, बदलत नव्हता.

माझं दुखणं वेगळंच आहे. गिऱ्हाईक "चारवालीच द्या", म्हणजे फ्लूच्या चार विषाणूंवरची, म्हणून अडून बसतं. अहो, त्यातला चौथा, बी यामागाता, मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलेला नाही! तीनवाली मिळाली तर मुकाट घ्या. आणि छापील किमतीत कोणाचे किती सुटतात हा विषय काढू नका, मला याच गावात धंदा करायचाय.

तात्या_सासवडकर
म्हणजे सुटतात! दुकानदारानेच कबूल केलं. माझं काम झालं.

निमा_डोंबिवली
लस राहू द्या बाजूला. पोरं आजारी पडतात ती पाळणाघरात. आमच्याकडे एक आई आहे, सकाळी साडेसातला तापाचं औषध पाजून मुलाला सोडते. अकराला औषध उतरतं, पोर फणफणतं, तोवर त्याने सगळ्यांची खेळणी चाटून झालेली असतात. माझा मुलगा वर्षात तीनदा त्यापायी झोपला. दारावर पाटी आहे, "ताप असल्यास घरी ठेवावे". वाचतं कोण?

शर्वरी_बदलापूर
ती आई मी. तुमच्या पाळणाघरातली नाही, पण तीच. किरकोळ रजा सगळ्या पोराच्या तापातच संपल्या. साहेब विचारतात, "पुन्हा मुलगा का?" सासूबाई गावी, नवऱ्याला मुलासाठी रजा मागायची लाज वाटते. आठची लोकल चुकली की लेटमार्क. हौस म्हणून औषध पाजून पाठवते का मी? निमा, तुमचा मुलगा आजारी असला की घरी कोण बसतं?

निमा_डोंबिवली
माझी आई बसते. तुमच्या रजा संपल्या म्हणून माझ्या मुलाने न्युमोनिया घ्यायचा का?

शर्वरी_बदलापूर
तुमची आई आहे म्हणून तुमच्याकडे तत्त्वं आहेत. माझ्याकडे लेटमार्क आहेत.

निमा_डोंबिवली
हे वैयक्तिक होतंय.

शर्वरी_बदलापूर
"खेळणी चाटून" पासूनच झालं होतं.

तात्या_सासवडकर
आमच्या वेळी आया घरी

मुळाकाठची
तात्या, ते वाक्य तिथेच सोडलंत ते बरं केलंत. धागा लसीचा आहे हो!

एडिसनकर
आमच्या न्यूजर्सीत हे भांडणच नाही. २००८ पासून नियम आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांखालचं मूल पाळणाघरात किंवा प्रीस्कूलमध्ये जात असेल तर ३१ डिसेंबरच्या आत फ्लूची लस हवीच. वैद्यकीय आणि धार्मिक सूट सोडली तर सगळे देतात. आम्ही शनिवारी जाऊन टोचून येतो, विषय संपला.

शर्वरी_बदलापूर
आणि पैसे कोण भरतं? विमा. आले शिकवायला.

वाळूजकर
धागा पर्सवाल्यांचाच दिसतोय, तरी लिहितो. मी कंपनीत आहे, पगार बावीस हजार. मुलं दोन, चार वर्षं आणि सव्वा वर्ष. पहिल्या वर्षी प्रत्येकाला दोन डोस म्हणजे चार. सात-आठ हजार. तिसरा हिस्सा गेला पगाराचा. डॉक्टरांना सरळ विचारलं, एकालाच परवडतंय, कोणाला देऊ? चिडतील वाटलं होतं. शांतपणे म्हणाले, धाकट्याला द्या, तो दोन वर्षांखालचा आहे आणि त्याला दम लागतो. थोरल्याला पुढच्या वर्षी बघू. असं निवडताना बापाला काय होतं ते इथल्या कोणी लिहिलेलं दिसलं नाही.

अजून एक. धाकट्याच्या वेळी बायकोला हीच लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली होती. सहा महिन्यांखालच्या बाळाला देता येत नाही, आईची त्याला पोचते, असं नर्सबाईंनी समजावलं. पटलं. मग बाळ सात महिन्यांचं झालं की तीच लस दोन हजाराची कशी होते? तात्या, पाणी असतं तर सरकारने गरोदर बायकांना कशाला दिलं असतं?

मुळाकाठची
पर्सवाला शब्द लागला. पण "ऐच्छिक" म्हणून सोडून देणं आणि परवडत नाही म्हणून सोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी वर फक्त पहिलीबद्दल लिहिलं. बालरोगतज्ज्ञांची संघटना २०२०-२१ पासून पाच वर्षांखालच्या सगळ्याच मुलांना द्या म्हणते, आधी फक्त दमा, हृदयविकार वगैरे असलेल्यांना म्हणायची. तज्ज्ञ म्हणतात सगळ्यांना, सरकार म्हणतं ज्याचं त्याने बघावं.

गोळीवाला_कोल्हापूर
वाळूजकर, डॉक्टर बरा भेटला तुम्हाला. बाकी घेताना एवढं बघा, लस फ्रिजमधून समोर काढतात की टेबलावरून उचलतात. दोन ते आठ अंशांत राहिली नाही तर मात्र तात्या म्हणतात तेच, पाणी.

निमा_डोंबिवली
शर्वरी, तरी चोवीस तास ताप नसल्याशिवाय पाठवू नये असंच माझं मत आहे. तुमचे साहेब मात्र नालायक आहेत, तेवढं मान्य.

शर्वरी_बदलापूर
तेवढं पुरे.

तात्या_सासवडकर
सुनेने शनिवारची वेळ घेतली आहे. मी फक्त गाडी चालवणार. मत बदललेलं नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

गोळीवाला_कोल्हापूर
जाताच आहात तर स्वतःचंही विचारा. पासष्टीपुढच्यांनाही सांगतात, तुम्हाला एकच डोस.

तात्या_सासवडकर
माझं वय कोणी काढलं इथे?

शर्वरी_बदलापूर
पहिलीत टोचली, वर साठ वर्षं. बेरीज येते आम्हाला.