अनुभव धागा : डोंगराखाली ड्वार्फांचा ठेवा सापडला, पुढे काय झालं?

ड्वार्फांचं, म्हणजे कथांमधल्या बुटक्या कारागिरांचं, बुडालेलं राज्य, डोंगराच्या पोटात बंद पडलेली दालनं आणि तिथेच राहून गेलेली कुळाची एखादी वस्तू. रोलप्लेइंग (एकेक पात्र होऊन कथा रचत जायचा खेळ) खेळणाऱ्या बहुतेक गटांनी ही मोहीम एकदा तरी काढलेली असते. आत कसे शिरलात ते थोडक्यात सांगा. वस्तू समोर आल्यावर जी गंमत होते, ती सविस्तर लिहा. रहस्यभेद झाला तरी हरकत नाही.

रत्नपारखी
आमच्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) शेवटच्या दारावर चार रत्नं बसवली होती. लाल, हिरवं, निळं, पिवळं, अशा क्रमाने दाबायची. आमचा ड्वार्फ पहिल्यापासून ऐटीत : "मशाल कशाला? मला अंधारात दिसतं." डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) ड्वार्फाला अंधारात ६० फुटांपर्यंत दिसतं खरं, पण फक्त करड्या छटांत. डीएमने तोवर हा विषयच काढला नव्हता. दारापाशी थंडपणे म्हणाला, "चारही रत्नं करडी आहेत." मशाल पेटवावीच लागली, आणि छताला जे काही लटकलं होतं ते जागं झालं. आत मुकुट होता म्हणे. मला दारच आठवतं.

ऐरणवाला
आमचा ठेवा म्हणजे कुळाची पहिली ऐरण. पोवाड्यांत तिचं कौतुक भरपूर, वजनाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढलेला नाही. ५०० पौंड! नियमाप्रमाणे ताकदीचा आकडा १६ असलेला गडी २४० पौंड वाहतो आणि फार तर ४८० पौंड ओढतो. म्हणजे आमचा पैलवान २० पौंडांनी कमी पडला. पुढचा अख्खा डाव राक्षसांशी नव्हे, तर चढ, दोरखंड आणि कप्पी यांच्याशी लढण्यात गेला. चोर दर वळणावर विचारायचा, "पुरावा म्हणून एक तुकडा नेला तर?" आणि ड्वार्फ खेळणारी मैत्रीण दर वेळी कुऱ्हाडीवर हात ठेवायची. माझं तर मत झालंय, असल्या मोहिमेत ठेवा खिशात मावणारा असूच नये.

जुना गडी
माझा अनुभव संगणकाच्या पडद्यावरचा, तोही चित्रांशिवाय, नुसत्या मजकुराचा. 'कलोसल केव्ह ॲडव्हेंचर' हा खेळ विल क्राउदरने अमेरिकेतल्या केंटकीमधल्या मॅमथ केव्ह या गुहेच्या आधाराने लिहिला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्सने वाढवला. यातले ड्वार्फ मित्र नाहीत. पहिला भेटतो तो कुऱ्हाड फेकतो, नेम चुकवतो आणि पळतो. ती उचलायची, तेच तुमचं शस्त्र. चक्रव्यूहातल्या खोल्यांचं वर्णन एकसारखं, म्हणून प्रत्येकीत एकेक वस्तू टाकून कागदावर नकाशा काढायचा. खजिना हाती लागला तरी भागत नाही, तो बाहेरच्या घरात नेऊन ठेवल्याशिवाय पूर्ण गुण नाहीत. वाटेत समुद्री चाचा टपलेला असतोच. (डोंगराखाली समुद्री चाचा कसा, हे विचारू नये.)

नेम चुकला
आमचे सगळे पहिल्याच दाराशी मेले. ठेवा आहे तिथेच आहे.

धागाकर्ती
अहो, कसे काय?

नेम चुकला
दारावर 'ठोठावू नका' असं कोरलेलं होतं. ड्वार्फी लिपी कोणालाच येत नव्हती.

भाता
मी डीएम. नॉर्स (उत्तर युरोपातल्या जुन्या) कथेत ब्रोक नावाचा ड्वार्फ भट्टीशी भाता मारत असताना खोडकर लोकी माशी होऊन त्याच्या पापणीला चावतो, हात क्षणभर सुटतो आणि थोर या देवाच्या हातोड्याचा दांडा आखूड राहतो. त्यावरून मी ठेवा म्हणून अर्धवट घडलेली ढाल ठेवली. पुरी करायची तर भाता थांबता कामा नये, आणि ऐन वेळी वरून हल्ला. भात्यावर बसला मांत्रिक, ताकद ८! पूर्ण लढाईत पठ्ठ्याने एकही मंत्र टाकला नाही. ढाल झाली. मग दोन कुळं हक्क सांगत आली : एकाच्या लोहारांनी ती घडवायला घेतलेली, दुसऱ्याचं सोनं त्यात गेलेलं. खेळाडूंनी तिसराच दावा ठोकला, पुरी आम्ही केली म्हणून. आता पुढचा डाव पंचांसमोर, आणि मांत्रिक दोन्ही बाजूंचा साक्षीदार.