मदत हवी आहे: गोरोंगोरोच्या विवरात आईला उतरवावे की काठावरूनच दाखवावे?

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत आईला घेऊन टांझानियातील गोरोंगोरोला जाण्याचा विचार आहे. आई 68 वर्षांची असून तिने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. ज्वालामुखीचा धडा आला की ती फळ्यावर ओळीने तीन चित्रे काढत असे: आधी उंच शंकू, मग शिलारस बाहेर पडल्यामुळे पोटात झालेली पोकळी आणि शेवटी आधार सुटून आत कोसळलेला माथा. त्या तिसऱ्या चित्राच्या तळाशी एकदा तरी उभे राहावे, अशी तिची फार दिवसांची इच्छा आहे. अडचण अशी की तिच्या कमरेचे मणके झिजलेले आहेत आणि गाडीचे धक्के तिला फार वेळ सोसवत नाहीत.

विवराचा तळ सुमारे 260 चौरस किलोमीटरचा आहे, भिंती साधारण 600 मीटर उंच आहेत आणि तळावर मुक्काम करता येत नाही, एवढे मला वाचून समजले आहे. मात्र मुक्काम काठावर करावा की पायथ्याच्या करातू गावी, एका दिवसात किती तास आत राहणे तिला झेपेल आणि गाडीतून उतरण्यास मनाई असल्यामुळे मध्ये पाठ मोकळी करण्याची काही सोय आहे का, हे ठरवता येत नाही. विमान इथिओपियातील आदिस अबाबामार्गे घ्यावे की नाही, हाही प्रश्न आहे. वयस्कर माणसांना घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद:

आपल्या आईंना जरूर खाली न्यावे. मी वडिलांना घेऊन गेलो होतो, त्यांचीही पाठीची तक्रार होती. आरुशा शहरापासून गोरोंगोरो संरक्षित क्षेत्राच्या लोडोआरे प्रवेशद्वारापर्यंत रस्ता डांबरी आहे. खरा त्रास त्यापुढच्या कच्च्या रस्त्याचा. गाडीत सर्वांत जास्त आदळआपट मागच्या चाकांवरच्या आसनावर होते, म्हणून त्यांना चालकाशेजारी बसवावे आणि कमरेला पट्टा व पाठीमागे छोटी उशी द्यावी. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचा रस्ता याहून खडबडीत आहे. तो याच सहलीला जोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काठ समुद्रसपाटीपासून 2,200 मीटरहून उंच असल्यामुळे रात्री बोचरी थंडी पडते आणि सकाळी पुष्कळदा दाट धुके असते. करातू त्यामानाने उबदार आहे, मात्र तिथून पहाटे लवकर निघावे लागते. आम्ही करातूलाच राहिलो, सकाळी उतरलो आणि दुपारी दोनच्या सुमारास वर आलो. तेवढा वेळ पुरला. तळावर हत्ती दिसले ते बहुतेक वयस्क नर होते. जिराफ मात्र विवरात नसतात. काळा गेंडा लांबूनच दिसतो, म्हणून चांगली दुर्बीण न्यावी: गवतात बराच वेळ नुसता करडा दगड वाटत होता, मग त्या दगडाचा एक कान हलला आणि वडिलांनी माझा दंड घट्ट धरला.

पाठ मोकळी करण्याची सोय ङोइतोकितोक झऱ्यापाशी आहे. तिथे स्वच्छतागृह आहे, तळ्यात पाणघोडे डुंबत असतात आणि गाडीतून उतरण्यास परवानगी आहे. खाणे मात्र गाडीतच उरकावे, कारण घारी हातातला घास झडप घालून नेतात. आपल्या आईंना तिथे पाण्याकडे पाठ करून सावकाश एक पूर्ण फेरी वळायला सांगा. कोणत्याही दिशेला पाहिले तरी तीच भिंत दिसते, आणि त्यांचे तिसरे चित्र आतून कसे दिसते ते त्यांना तिथे कळेल.

विमानाबाबत: पीतज्वराचा धोका असलेल्या देशात थांबा बारा तासांहून अधिक असेल, तर टांझानिया लसीचे प्रमाणपत्र मागतो. इथिओपिया त्या देशांत मोडतो. ही लस साठीनंतर देताना डॉक्टर विशेष सावधगिरी बाळगतात, म्हणून शक्य असल्यास आखाती देशांमार्गे जावे. परतीच्या प्रवासासाठी आपल्या देशाचा नियमही आधी पाहून घ्यावा आणि लस घ्यावीच लागली, तर प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच ग्राह्य होते, हे तिकीट काढण्यापूर्वी लक्षात ठेवावे.