साइट लायसन्स्ड झाली आणि अर्धी लायब्ररी गायब, हे असंच असतं का?

अर्धवटवाचक
चार-पाच वर्षं एकाच साइटवर मांगा (जपानी कॉमिक्स) वाचतोय, स्कॅनलेशनवालीच, म्हणजे चाहत्यांनी स्कॅन करून परवानगीशिवाय भाषांतर केलेलं, खोटं कशाला बोलू. मागच्या महिन्यात त्यांनी जाहीर केलं की आता फक्त पब्लिशरशी करार झालेलंच ठेवणार. म्हटलं चांगलंय. दुसऱ्या दिवशी उघडतो तर लिस्टमधल्या ४१ पैकी ९ सिरीज शिल्लक, बुकमार्क उडालेले, कुठल्या चॅप्टरला होतो तेही आठवेना, आणि त्या ९ मधल्या ३ वर "तुमच्या देशात उपलब्ध नाही". पैसे द्यायला ना नाही हो, पण द्यायचे कशाचे? ज्यांचे करार व्हायचेत त्या तरी तोवर राहू द्यायच्या ना, एकदम झाडूच कशाला मारायचा?

शाईचे_डाग
तोवर ठेवता येत नाही ना, तिथेच तर घोडं अडतं. पब्लिशर होऊन बघ, समोरचा एका हाताने सही करतोय आणि दुसऱ्या हाताने तुझीच बाकीची पुस्तकं फुकट वाटतोय, तू करशील सही?
क्रंचीरोल साइटचंच बघ, ती ॲनिमेची, म्हणजे जपानी कार्टून मालिकांची, पण गोष्ट हीच. २००६ ला सुरू झाली तेव्हा लोकच एपिसोड अपलोड करायचे. २००८ मध्ये वेनरॉक या गुंतवणूक कंपनीने ४० लाख डॉलरच्या वर पैसे घातले तेव्हा रीतसर हक्क विकत घेणाऱ्या कंपन्या भडकल्या होत्या, आणि त्यांचं काय चुकलं? मग टीव्ही टोकियो या जपानी चॅनेलशी करार करून जानेवारी २००९ पासून बेकायदा सगळं बंद.
देशाचं म्हणशील तर हक्क तुकड्या-तुकड्यात विकले जातात, भाषा वेगळी, प्रदेश वेगळा, छापील वेगळं, डिजिटल वेगळं, वर मुदत. एखाद्या सिरीजचे तुझ्या देशातले हक्क आधीच दुसऱ्या कोणाकडे असतील तर साइटवाले काय करणार. शिवाय बऱ्याचदा रॉयल्टीवर आगाऊ किमान रक्कम भरावी लागते, मग चार लोक वाचतात अशा सिरीजवर कोण पैसे लावेल? तुझ्या ३२ मधल्या बऱ्याच अशाच गेल्या असणार.

फुकट_टाइपसेटर
वाचकांचे बुकमार्क गेले, आमची तर वर्षं गेली. मी एका स्कॅनलेशन ग्रुपमध्ये होतो, रॉ (मूळ जपानी) पानं साफ करायची, फुग्यातला मजकूर पुसायचा, चित्रावर लिहिलेले साउंड इफेक्ट काढून मागचं चित्र परत काढायचं (एकेका पानाला तास-दीड तास, तेही रात्री जागून), मग टाइपसेट, म्हणजे भाषांतर फुग्यात बसवायचं. हे सगळं फुकट, आणि साइटवर जाहिराती मात्र त्यांच्या. आता लायसन्स झाल्यावर भाषांतर नव्याने करून घेतलं आणि आम्हाला साधा एक मेल नाही.
पण खरं सांगू का, आम्ही तरी मूळ चित्रकाराला कधी विचारलं होतं? भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचाच असतो, त्यामुळे आमचं काम कितीही चांगलं असलं तरी कागदोपत्री ते आमचं धड नव्हतंच. तरी राग येतो तो येतोच. आणि नवीन भाषांतर सपाट आहे, विनोद सगळे मेलेत, हे मी जळून बोलत नाहीये... बरं, थोडं जळून.

खिडकीपाशी
लायसन्स्ड म्हणजे कायमचं असं धरू नका फक्त. जेमांगा नावाची साइट होती, जपानच्या ३९ पब्लिशरांनी मिळून २०११ ला काढलेली, पूर्ण अधिकृत, पॉइंट घेऊन व्हॉल्यूम विकत घ्यायचे. २०१३ मध्ये बंद पडली आणि लोकांनी विकत घेतलेलं पण गेलं, कारण डाउनलोडच नव्हतं. तेव्हापासून मी पैसे भरायच्या आधी एकच बघतो, फाइल हातात देताय की फक्त दाखवताय. दाखवत असाल तर महिन्याचं भाडं समजून देतो, पुस्तक घेतलं असं समजत नाही.
@अर्धवटवाचक, यादीत शुएशा या जपानी पब्लिशरचं काही असेल तर मांगा प्लस बघ. २०१९ पासून त्यांचं स्वतःचंच आहे, चालू असलेल्या बऱ्याच सिरीजचे पहिले ३ आणि ताजे ३ चॅप्टर फुकट असतात. मधलं राहतं, पण निदान पुढचं सुटत नाही. आणि चॅप्टर नंबर ब्राउझरच्या हिस्टरीत सापडतील, पुसली नसशील तर.

अर्धवटवाचक
हिस्टरीत २६ सिरीजचे नंबर मिळाले!! उरलेल्या बहुतेक मोबाइलवर वाचल्या असणार, तो फोन आता नाही. मांगा प्लसवर माझ्या २ आहेत, त्यातल्या एकीत मी नेमका मधल्या चॅप्टरांत अडकलोय.
@फुकट_टाइपसेटर कुठल्या सिरीज केल्या होत्या ते व्यनि (खासगी निरोप) करा ना, बहुतेक तुमचंच वाचून मोठा झालोय.