शब्दचर्चा : साम्राज्याच्या पायदळाला ‘तुकडी’ म्हणवत नाही

धागाकर्ती

कादंबरी लिहितेय. साम्राज्य माझ्या मनातलं, पण घडण बायझंटाइन, म्हणजे मध्ययुगातल्या पूर्व रोमन साम्राज्याच्या वळणाची. समुद्राकाठची राजधानी, भक्कम तटबंदी, राजवाड्यात कारस्थानं आणि सरहद्दीवर वर्षानुवर्षं पगार थकलेलं पायदळ. कथा त्या पायदळाचीच आहे. सुमारे १६ माणसांची रांग, तिच्यावर शंभराची, तिच्यावर तीनशेच्या आसपासची आणि मग हजाराची, अशी उतरंड मी कागदावर आखली. अडलंय ते नावांपाशी.

‘तुकडी’ लिहिलं की मला इयत्ता पाचवी, तुकडी ब आठवते. ‘चमू’ म्हटलं की डॉक्टर येतात. ‘वाहिनी’वर बातम्या लागतात. ‘गण’ पंचायत समितीच्या निवडणुकीत गेला. ‘कंपनी’त लोक डबा घेऊन जातात. परवा बहिणीला एक पान वाचून दाखवलं. वाक्य होतं, ‘सेनापतीनं उजव्या बगलेवर तीन पथकं धाडली.’ ती म्हणाली, “ढोल-ताशाची का?” त्या दिवसापासून लिखाण बंद आहे.

जाणकारांनी सुचवावं. कल्पित जग असल्यामुळे बांधील कशालाच नाही, पण वाचकाच्या डोळ्यांसमोर माणसं उभी राहिली पाहिजेत.

उपसंपादक

महाभारतातल्या अक्षौहिणीची उतरंड तयारच आहे की. पत्ती, सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. प्रत्येक पायरीला तिप्पट, आणि अनीकिनीची दहापट म्हणजे अक्षौहिणी. पत्तीत पायदळ ५, म्हणजे सेनामुखात १५, गुल्मात ४५, गणात १३५, वाहिनीत ४०५, पृतनेत १२१५. तुमची १६ ची रांग म्हणजे सेनामुख, हजाराची पृतना. भारदस्तपणाही आपोआप येईल.

बखरवाचक

भारदस्तपणा येईल, पण सोबत हत्तीही येतील. पत्तीत नुसते पाच पायदळ नाहीत. एक रथ, एक हत्ती आणि तीन घोडेही आहेत. ही चतुरंग सेनेची मोजणी आहे, निव्वळ पायदळाची नव्हे. शिवाय ‘गुल्म’ हा आयुर्वेदात पोटाचा विकार. ‘त्यानं आपला गुल्म घेऊन टेकडी चढली’ हे वाक्य छापून आलेलं मला बघवणार नाही.

त्यापेक्षा मराठी फौजेचे शब्द घ्या ना. शिवकालीन पायदळात दहा माणसांवर नाईक, पन्नासांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. घोडदळाची मोजणी वेगळी, तिथं २५ बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) हवालदार. तुमचे शंभर म्हणजे सरळ सरळ जुमला. हा शब्द अजून कुणी पळवलेला नाही.

धागाकर्ती

जुमला हिंदीच्या वाटेनं येऊन पळवलाय, बखरवाचककाका! निवडणुकीच्या दिवसांत बातम्या ऐकत नाही का तुम्ही?

बखरवाचक

ऐकत नाही, म्हणूनच सुखी आहे.

निवृत्त फौजी

ताई, मी पायदळातच २२ वर्षं काढली, म्हणून बोलतो. आमच्या तोंडी शब्द एकच, ‘पलटण’. पण आकारात घोळ आहे, तो आधी समजून घ्या. मूळ फ्रेंच ‘पलोतों’, म्हणजे लहानसा गोळा, माणसांचा पुंजका. इंग्रजीत त्याचा प्लाटून झाला, तो आजही तीस-चाळीस माणसांचा. आपल्याकडे येता येता मात्र तो फुगला आणि आपण अख्ख्या बटालियनला पलटण म्हणायला लागलो. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन १७६८ ची, तिला ‘जंगी पलटण’ म्हणतात. म्हणजे हजाराच्या घरातल्या तुमच्या तुकडीला ‘पलटण’ चपखल बसते. तिथं ढोल-ताशा वाजत नाही.

‘हवालदार’ मात्र टाळा. आमच्याकडे तो मानाचा हुद्दा, पण मुलकी वाचकाला नाक्यावर शिट्टी वाजवणाराच दिसणार.

उपसंपादक

पलटणीलाही वास आहेच की. बंदुका, लाल डगले, कवायत, कंपनी सरकार. नवव्या-दहाव्या शतकातल्या भालेकऱ्यांना पलटण म्हटलं की कानाला खटकतं. आणि घरी ‘पोरांची पलटण’ जेवायला बसतेच.

याच घरातले आणखी दोन शब्द सांगून ठेवतो, कुणी सुचवायच्या आत. ‘कंपू’ म्हणजे महादजी शिंद्यांसाठी डी बॉयन या युरोपियन सेनानीनं उभ्या केलेल्या कवायती फौजेचं एकक. आज उरली ती कंपूबाजी. आणि ‘गारदी’. हे शिस्तीचं, बंदूकधारी पायदळ. १७६१ ला पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे गारद्यांच्या हातून मारले गेले आणि शब्द कायमचा डागाळला. आता गारदी म्हणजे मारेकरी. एका दुपारीत शब्दाचा अर्थ फिरला.

ग्रीक शिकणारी

मी जरा उलटीकडून येते. बायझंटाइन लोकांनी स्वतः काय म्हटलं होतं ते बघा, मग मराठीत काय म्हणायचं ते आपसूक सुचेल.

पहिली गंमत म्हणजे त्यांचेही शब्द घरचे नव्हते. ‘तुर्मा’, म्हणजे सैन्याचा मोठा विभाग, हा लॅटिन. ‘बांदोन’, म्हणजे तुमचं तीनशेच्या आसपासचं एकक, हा जर्मानिक, बॅनर या शब्दाच्या कुळातला, मूळ अर्थ झेंडा. ढालीला ढाल भिडवून उभं राहण्याला ‘फूल्कोन’ म्हणायचे, तोही जर्मानिकच. ग्रीक बोलणारं सैन्य स्वतःला निम्म्या उसन्या शब्दांत ओळखत होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तेव्हा फारसी हवालदार की संस्कृत पृतना, या वादात फार रक्त आटवू नका.

दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. सम्राट मॉरिसच्या नावावर असलेलं ‘स्ट्रॅटेगिकॉन’ हे युद्धशास्त्राचं पुस्तक इ. स. ६०० च्या आसपासचं. त्यात बांदोनबद्दल स्पष्ट सूचना आहे, की तो २०० ते ४०० च्या दरम्यान ठेवा, पण सगळे एकसारखे ठेवू नका. का? शत्रू लांबून झेंडे मोजतो. सगळी एककं सारखी असली तर झेंडे गुणिले तीनशे केलं की त्याला तुमचं सैन्य कळलं. म्हणून आकडा मुद्दाम डळमळीत ठेवायचा.

आता सांगा, अशा एककाला ‘तीनशेची तुकडी’, ‘त्रिशती’ असलं काही म्हणून कसं चालेल? नाव आकड्यावरून पडलेलंच नाही, ते झेंड्यावरून पडलंय. माझ्या मते मराठीत त्याला निशाण म्हणावं. ‘तिसरं निशाण उजवीकडे सरकलं.’ ‘तो कुठल्या निशाणातला?’ ‘अर्धं निशाण तापानं आडवं झालंय.’

निवृत्त फौजी

‘कुठल्या निशाणातला’ हे ऐकून अंगावर काटा आला. हे चालेल.

बखरवाचक

चालेल काय, धावेल. मी जुमला मागे घेतो.

फक्त हजाराचं काय? तिथं ‘हजारी’ का नको? त्याला तर कुणी हात लावलेला नाही.

ग्रीक शिकणारी

हजारी तिथं बसेल, कारण दहाव्या शतकात पायदळाचं हजाराचं एकक खरोखरच आकड्यानं बांधलेलं होतं. ‘ताक्सियार्खिया’, आणि तिच्या प्रमुखाला ताक्सियार्खोस किंवा खिलियार्खोस. खिलिया म्हणजे हजार, म्हणजे शब्दशः हजारीच! वाटणीही ठरलेली. ४०० जड हत्यारांचे ढालवाले, ३०० तिरंदाज, २०० भालाफेके आणि गोफणवाले, १०० जाड भालेवाले. उभं राहताना खोली सात माणसांची. पुढे दोन ढालवाले, मध्ये तीन तिरंदाज, मागे पुन्हा दोन ढालवाले. मागचे दोन का? वेढा पडला तर तोंड फिरवलं की झाली पुढची फळी. अशा बारा हजाऱ्यांचा पोकळ चौकोन करायचे आणि मधल्या फटींतून घोडदळ आत-बाहेर करायचं.

ताई, एक सावधगिरी. मराठीत हजारी हा माणूस आहे, एकक नव्हे. ‘हजारी मागे हटली’ लिहिलंत तर वाचक अडखळेल. तुकडीला ‘हजारा’ करून बघा, आणि हुद्द्याला हजारी.

धागाकर्ती

हजारा नको, इतिहासात तो वेगळ्याच लोकांचं नाव आहे. तिथं पलटण ठेवते. बंदुकीचा वास येईल तो येऊ दे. निवृत्तकाकांचा मान राहील. प्रमुख मात्र हजारी.

१६ जणांची रांग?

ग्रीक शिकणारी

१६ ची रांग म्हणजे आडवी नव्हे हं, एकामागे एक. पहिला लोखागोस, शेवटचा ‘उरागोस’. उरा म्हणजे शेपटी. या शेपटीकडच्या माणसाचं काम मला फार आवडतं. पुढचे रेंगाळले की भाल्याच्या दांड्यानं ढोसायचं, कुणाला पळू द्यायचं नाही, आणि रांग दुप्पट करायची वेळ आली की हुकूम नीट पोचतोय का ते बघायचं. जुना, मुरलेला माणूस ठेवत असणार तिथं.

निवृत्त फौजी

आमच्याकडेही मार्चमध्ये सर्वांत मागे असाच एकजण असायचा. थकलेल्याचं ओझं स्वतः घ्यायचा आणि शिव्याही तोच घालायचा.

आडव्या ओळीला मराठीत ‘फळी’ आहेच. क्रिकेटनं ती नेली असली तरी मोडली नाही. उभ्या रांगेला ‘माळ’ म्हणा. पहिला तो म्होरक्या.

बखरवाचक

शेवटच्याला ‘चंदावल’ म्हणू नका, मोह होईल. चंदावल म्हणजे फौजेची अख्खी पिछाडी, एकटा माणूस नव्हे. तसंच ‘बिनी’ म्हणजे आघाडी. ‘बिनीचा शिलेदार’ आज सत्कारात म्हणतात ते वेगळं. शेवटच्याला ‘शेपट्या’च म्हणा. सैनिक असलीच नावं ठेवतात.

उपसंपादक

बखरवाचक, तुमच्यासाठी एक कोडं. बायझंटाइनांचा ‘थेमा’ हा प्रांत म्हणजे आपला सुभा का?

बखरवाचक

उलटा सुभा. आपला सुभेदार मुळात प्रांताचा कारभारी. पुढे कंपनीच्या फौजेत त्याच नावाचा हुद्दा झाला आणि आजही आहे. प्रांतातून फौजेत आला. त्यांचं नेमकं याच्या विरुद्ध. थेमा म्हणजे आधी सैन्य. सातव्या शतकात अरबांपुढे माघार घेत ही सैन्यं आशिया मायनरात (आजच्या तुर्कस्तानात) येऊन राहिली आणि ज्या मुलखात राहिली त्याला त्यांचं नाव चिकटलं. सेनापती, म्हणजे स्त्रातिगोस, होता होता प्रांताचा धनी झाला. थ्रेसचं सैन्य एजियन समुद्राच्या पलीकडे येऊन राहिलं, म्हणून थ्रेसपासून इतक्या लांबच्या मुलखाला थ्राकेसिओन नाव पडलं.

धागाकर्ती

हे मी चोरणार आहे. डोंगरातल्या प्रांताला समुद्रकाठच्या फौजेचं नाव.

आता ते १०० जाड भालेवाले. त्यांना ‘विटेकरी’ चालेल?

बखरवाचक

विटा म्हणजे दोरी बांधलेला फेकायचा भाला. फेकून परत ओढायचा. नाही चालणार.

ग्रीक शिकणारी

मुळीच नाही. यांचा भाला, मेनाव्लिओन, फेकायचा नसतो. चिलखती घोडा अंगावर आला की तो दोन्ही हातांनी रोखून धरायचा. तासलेल्या लाकडाचा तर चालतच नाही. ओक किंवा कॉर्नेल या चिवट लाकडाच्या झाडाचं अख्खं रोपटं हवं, नाहीतर घोड्याच्या धक्क्यानं मोडतो.

निवृत्त फौजी

म्हणजे वासाच झाला की तो. ‘वासेकरी’ म्हणा.

उपसंपादक

आणि घोडदळ फुटून पळालं की, घर फिरलं की वासेही फिरतात!

धागाकर्ती

वासेकरी पक्का. ती म्हणही एका पात्राच्या तोंडी घालते. ढालवाल्यांना ‘ढालाईत’ घेते, तो तयारच आहे. तिरंदाज, गोफणदार जसेच्या तसे.

शेवटचा प्रश्न. रणांगणावरचे हुकूम मराठीत लिहू का? ‘मागे फिरा’ वगैरे?

ग्रीक शिकणारी

नको. स्ट्रॅटेगिकॉनमध्ये हुकूम लॅटिनमध्ये आहेत, ‘स्ता’ (थांब), ‘मोवे’ (चल), ‘युंगे’ (जवळ सरका). शिपाई ग्रीक बोलतोय, पुस्तक ग्रीकमध्ये आहे, हुकूम मात्र जुन्या रोमचे. आपल्या शाळेत मराठी पोरं ‘पीछे मूड’ ऐकून गिरकी घेतात तसंच. अर्थ कुणी विचारत नाही, पाय वळतात.

त्यावरून एक खरा किस्सा. ५८७ ची थ्रेसमधली मोहीम, सेनापती कोमेन्तिओलुस, रात्रीची चाल. एका जनावराच्या पाठीवरचं ओझं घसरलं. मागच्यानं त्याच्या मालकाला हाक मारली, ‘तोर्ना, तोर्ना’, म्हणजे फिर, फिर. मालक पुढे गेला होता, त्याला ऐकू गेलं नाही. बाकीच्यांना गेलं. त्यांना वाटलं शत्रू आला आणि माघारीचा हुकूम सुटला. अख्खी फौज पळत सुटली, एका पडशीपायी.

निवृत्त फौजी

एका पडशीपायी! यावर मी काही बोलत नाही. काही गोष्टी पलटणीतच राहू द्याव्यात.

धागाकर्ती

आज सकाळी पहिलं पान पुन्हा लिहिलं. बहिणीलाच वाचून दाखवलं.

‘पहाटे सातवं निशाण नदीकाठी उभं राहिलं तेव्हा त्यात दोनशे चाळीस माणसं होती. शेपट्यानं मोजली आणि हजारीला तीनशे सांगितली. तिकडे पलीकडच्या काठावर कुणीतरी निशाणं मोजत होतं.’

या वेळी तिनं ढोल-ताशाचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “पुढे?”

उपसंपादक

सुरेख. एक मुद्रितशोधकाची सूचना. चौथ्या पानावर अनेकवचन ‘निशाण्या’ झालंय. निशाणचं निशाणं. निशाण्या म्हणजे खुणा, आठवणी. ‘तीन निशाण्या नदी ओलांडून गेल्या’ असं राहिलं तर कुणी अंगठ्या फेकल्या की काय असं वाटेल.