तारेची करवत आणि जुन्या कड्यातील तडे

‘दगडाच्या खाणीच्या नव्या मालकाने सुरुंग बंद करून डायमंड वायरची करवत आणली, आता दगड वाया जाण्याचा प्रश्नच मिटला’ हे मत अनेकदा ऐकू येते, पण मला ते अर्धेच पटते. हिऱ्याचे कण बसवलेले मणी ओवलेल्या या फिरत्या तारेने कापताना दगडाला हादरा बसत नाही आणि काप सरळ येतो, याबद्दल वाद नाही. परंतु जी खाण अनेक दशके सुरुंगांवर चालली, तिच्या उघड्या कड्यात त्या स्फोटांचे केसासारखे बारीक तडे आधीच उतरलेले असतात आणि कोणतेही यंत्र ते बुजवू शकत नाही. अशाच एका जुन्या खाणीत यंत्र बसल्यावर निघालेला पहिला ठोकळा मी जवळून पाहिला आहे. बाजू अगदी सपाट होत्या, पण पाणी मारून तो वाळू दिला तेव्हा बाकीचा दगड कोरडा पडल्यावरही एक तिरकी ओली रेघ मागे राहिली. तेथील वयस्कर पाथरवटाने त्याआधीच हातोडीचा ठोका देऊन, आवाज खणखणीत नाही म्हणून, तो ठोकळा बाजूला काढायला सांगितले होते. काप कोठून घ्यायचा हे अशा माणसांना विचारायलाच हवे. यंत्र आले म्हणून त्यांना घरी पाठवणे ही मोठी चूक ठरेल.

तारेवर सतत पाणी सोडल्याने धूळही पुष्कळ कमी होते, आणि सिलिकोसिसचा, म्हणजे दगडाची बारीक धूळ श्वासातून जाऊन होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचा, धोका पाहता हा लाभ मोठा आहे. मात्र तार तुटली की तिच्यावरील मणी गोळीसारखे सुटतात, त्यामुळे ती फिरत असताना तिच्या रेषेत कोणीही उभे राहता कामा नये.