दहावीच्या पोराला शिमग्यात गावाबाहेर ठेवायचं का? तुमचं मत सांगा

सहाणेवरची

माझा धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. गाव लांजा तालुक्यात, मी नोकरीसाठी डोंबिवलीला. बाबांनी ठरवलंय की फाकपंचमीच्या, म्हणजे शिमगा सुरू होतो त्या दिवसाच्या, आधीच त्याला लांज्यात आत्याकडे नेऊन ठेवायचं आणि शेवटचा पेपर झाल्यावरच घरी आणायचं. कारण एकच, शिमगा. मला हे अजिबात पटत नाही आणि गावाकडच्या लोकांशी यावर बोलायचंय.

आमच्याकडे दहावी आणि शिमगा दरवर्षी एकमेकांच्या अंगावर येतात. २०२५ साली परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च होती आणि होळी १३ मार्चला. यंदा २०२६ ला तर होळी मार्चच्या सुरुवातीलाच आहे, म्हणजे ऐन पेपरांच्या मध्ये. होळीचा होम झाला की ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरणार आणि ढोल वाजणार. माझा भाऊ ढोल वाजवतो. काकांच्या बाजूला उभा राहून शिकला, आता वाडीतल्या मोठ्यांच्या बरोबरीने वाजवतो.

त्याचा दिवस सांगते. पहाटे उठून न्हाणीघरात पाणी तापेपर्यंत चुलीच्या उजेडात सनावळ्या पाठ करतो. मग शाळा आणि जादा तास. दुपारी घरी आला की आईबरोबर काजूच्या बागेत बिया गोळा करायला जातो, कारण हंगाम परीक्षेसाठी थांबत नाही. मग रात्री ओटीवर वही. संध्याकाळी मळ्यात तासभर क्रिकेट खेळायचा, ते जानेवारीपासून बंद झालं, बॅट माळ्यावर गेली. टीव्हीचा रिचार्ज केलेला नाही. आता ढोलही नको म्हणतात.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. सगळी करमणूक काढून घेतली म्हणून पोरगं जास्त वाचत नाही, नुसतं पुस्तक पुढ्यात घेऊन बसतं. दोन तास ढोल वाजवून घामाघूम झालेला मुलगा गाढ झोपतो आणि सकाळी ताजा उठतो. आत्याच्या ब्लॉकमध्ये तो गॅलरीत उभा राहून गावाकडचा विचार करणार. आणि शिमग्याने अभ्यास बुडतो म्हणणाऱ्यांनी निकाल बघावा. २०२५ ला दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के आणि कोकण विभागाचा ९८.८२, राज्यात पहिला. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं वेगळं मंडळ झाल्यापासून दरवर्षी आपणच पहिले. ती पोरं काय शिमगा न बघता पास झाली?

गणिताचे सर

ताई, मी तुमच्या वडिलांच्या बाजूचा आहे.

आधी निकालाचं. ९८.८२ टक्के हा पास होणाऱ्यांचा आकडा आहे. पास व्हायला ३५ लागतात. तुमच्या भावाला पुढे रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकला किंवा चांगल्या कॉलेजात सायन्सला जायचं असेल तर तिथे ३५ विचारत नाहीत, तिथे एकेका टक्क्याने नंबर मागे जातो. आणि आपलं मंडळ दोनच जिल्ह्यांचं, राज्यातलं सगळ्यात लहान. त्या आकड्याचा अभिमान मलाही आहे, पण तो शिमग्याच्या बाजूचा पुरावा होत नाही.

दुसरं, तुम्ही 'दोन तास ढोल' म्हणता. गेल्या काही वर्षांत दोन तासांत संपलेली पालखी मला दाखवा. प्रत्येक घरी पालखी बसते, ओटी भरतात, नवस बोलतात, जुने नवस फेडतात, चहा होतो, मग पालखी नाचवतात. पुढच्या घराला मध्यरात्र होते. ढोलवाला मधेच ढोल ठेवून घरी जाऊ शकत नाही, त्याच्या जागी दुसरा मिळाला तर ठीक.

तिसरं, गणिताचे दोन पेपर असतात, ४०-४० गुणांचे, दोन-दोन तासांचे. त्यात न येणारं गणित फार कमी मुलांचं चुकतं. चुकतं ते येणारं. उणे चिन्ह खाली उतरवताना अधिक होतं, वर्गसमीकरणात एक किंमत लिहायची राहते, भूमितीत पक्ष-साध्य बरोबर आणि कारण भलत्याच प्रमेयाचं. वर्षानुवर्षं सराव परीक्षांचे पेपर तपासतोय, जागरणाच्या चुका लगेच ओळखू येतात. मुलाने वर्षभर केलेली मेहनत एका रात्रीत पातळ होते आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक वर्ष ढोल वाजवला नाही तर देव रागावत नाही.

चाकरमानी_लालबाग

सर, एक वर्ष एक वर्ष म्हणता, पण त्याच्या हातात किती वर्षं आहेत ते बघा. दहावी झाली की अकरावीला लांजा किंवा रत्नागिरी. बारावी झाली की मुंबई-पुणे. मग शिमग्याला रजा मिळाली तर येणार, रेल्वेचं तिकीट मिळालं तर येणार, नाहीतर रात्रभर एसटीत उभं राहून. आमच्या वाडीत आज ढोल वाजवणारे बहुतेक सगळे मुंबईहून येतात. गावात राहून वाजवणारी पोरं म्हणजे आठवी, नववी, दहावीचीच. तीही परीक्षेसाठी बाहेर काढलीत तर पालखी खांद्यावर घेणार कोण, पन्नाशीचे आम्ही?

मला दहावीला मामाकडे पाठवलं होतं. मार्क बरे पडले, नोकरीही लागली. पण त्या वर्षी अभ्यास जास्त झाला असं मी कधीच म्हणणार नाही. मामाकडे मी कॅरम खेळलो.

बारावीची_आई

इथे सगळे मुलग्यांचंच बोलताय.

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी दहावीला होती. तिला शिमगा म्हणजे ढोल नव्हे, पालखी नव्हे. तिला शिमगा म्हणजे मुंबईहून आलेले दीर-जावा, त्यांची मुलं, सकाळपासून पाण्याच्या कळश्या, चहाची आधणं, पुरण वाटणं, पालखी यायच्या आधी अंगण सारवणं आणि आरतीचं ताट. पालखी दारात नाचते तेव्हा बायका पडवीत उभ्या राहून बघतात, तेवढंच काय ते. इतिहासाचं पुस्तक तिने चुलीजवळच्या फळीवर ठेवलं होतं. पोळी तव्यावर असताना एक उत्तर वाचायची, उलथली की दुसरं. पुस्तकाच्या पानांना पिठाची बोटं लागलेली अजून आहेत.

मी तिला पेपर संपेपर्यंत माझ्या बहिणीकडे ठेवायला निघाले तर घरात सगळ्यांनी विरोध केला. 'मुलगी गेली तर कामाला कोण?' असं तोंडावर म्हणाले. मुलग्याला बाहेर पाठवायचं म्हटलं की लोक म्हणतात त्याची मजा जाते. मुलीला पाठवायचं म्हटलं की कामाचं माणूस जातं.

म्हणून ताई, तुमच्या बाबांना मी दोष देणार नाही. ज्या घरात अभ्यासाला जागा आणि वेळ मिळत नाही तिथून मूल बाहेर ठेवणं चांगलं. आणि विरंगुळ्याबद्दल म्हणाल तर माझ्या मुलीला तेव्हा मैत्रिणीबरोबर पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला तासभर नुसतं बसायला मिळालं असतं तर तिने तोच शिमगा मानला असता.

सहाणेवरची

तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं. आमच्या घरातही पुरणपोळ्यांच्या वेळी भाऊ ढोलाच्या वाद्या ताणत अंगणात असतो आणि मी दहावीला असताना चुलीपुढे होते, हे खरंच आहे. पण यातून मला वेगळाच अर्थ लागतो. तुमच्या मुलीला घर सोडावं लागू नये, काम बाकीच्यांनी करावं. मुंबईहून आलेली पुरुषमाणसं पाणी भरू शकतात. मूल बाहेर पाठवलं की घरातल्या कुणालाच काही बदलावं लागत नाही, माझा राग त्यावर आहे.

सर, जागरणाचा मुद्दा मला मान्य आहे. पण जागरण नको आणि शिमगाच नको यात फरक आहे.

बारावीची_आई

'करू शकतात' आणि 'करतात' यात कितीतरी शिमगे जातात ताई. पेपर या मार्चात असतो.

मानकरी_राजापूर

थोडं गावाच्या बाजूने लिहितो. आमचे तेरसे शिमगे, होम त्रयोदशीला होतो, त्यामुळे आमची गडबड पौर्णिमेवाल्यांच्या आधी सुरू होते.

पालखी कुणाच्या घरी आधी आणि कुणाच्या घरी नंतर हा मान आहे. तो कुणाच्या दहावीसाठी बदलत नाही आणि बदलायला गेलात तर भांडणं लागून पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या जागीच राहते, अशी गावं मी बघितली आहेत. पण वेळ बदलता येते. आमच्या वाडीत गावकऱ्यांच्या बैठकीत ठरवून टाकलं की घरं घ्यायची ती सकाळपासून आणि रात्री नवाच्या आत पालखी विसाव्याला. सुरुवातीला चाकरमान्यांनी कुरकुर केली, कारण त्यांना रात्रीचीच मजा येते. गुरवांनी सांगितलं की देवाला दिवसाउजेडी फिरायला काही हरकत नाही, तिथे विषय संपला.

आणि एक गोष्ट उगाच ढोलाच्या डोक्यावर मारू नका. मुलांची झोप ढोलाने मोडत नाही, तो मुळात एका जागी थांबत नाही. झोप मोडतो तो होळीच्या मांडावर रात्रभर लावलेला डीजे. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला कायद्याने बंदी आहे. थोड्या दिवसांसाठी सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण बाराच्या पुढे कुणालाच नाही. पोलीसपाटलाला एकदा गावाने मिळून सांगितलं तर होतं. पण आपण देवाचं काम म्हणून गप्प बसतो. डीजे देवाचं काम नाही.

नमनवाला

लोककलेचे दहावीला वाढीव गुण मिळतात हे माहीत आहे ना? आमच्या नमन मंडळातल्या मुलांचे प्रस्ताव शाळेतून गेले होते. म्हणजे सरकारही मानतं की ही कला म्हणजे वेळ वाया घालवणं नव्हे.

मानकरी_राजापूर

ते नोंदलेल्या संस्थेतून केलेल्या प्रयोगांना. पालखीपुढे वाजवलेल्या ढोलाचे गुण मागायला मी तरी जाणार नाही. पोराला तिथे तरी कुणी मार्क देणारा नसू दे.

दहावी_ब

मी स्वतः दहावीला आहे, संगमेश्वर तालुका. मोठ्यांमध्ये बोलतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मला अभ्यासाचं टेन्शन पेपरापेक्षा घरच्यांच्या चेहऱ्यांचं जास्त येतं. मी पाणी प्यायला उठलो तरी आजी म्हणते, 'बस हो अभ्यासाला'. पाव्हणे आले की पहिला प्रश्न 'किती पडतील?' शिमग्यात हे प्रश्न विचारायला कुणाला सवड नसते, म्हणून मला शिमगा आवडतो, हे पण एक कारण आहे.

सरांचं बरोबर आहे, रात्रभर नको. मला सगळ्या घरांना जायचंच नाही. आमच्या घरी पालखी येईल त्या दिवशी घरात असावं आणि एकदा पालखी खांद्यावर मिळावी, एवढंच. बाकीच्या दिवशी मी शाळेत जाऊन बसतो, हेडसरांनी वर्ग उघडा ठेवलाय, तिथे आम्ही मुलं मिळून वाचतो. एकमेकांना प्रश्न विचारतो. भूगोल तर मी तिथेच पाठ केला, घरी नाही.

ताईंच्या भावाबद्दल सांगतो. त्याला लांज्याला ठेवलं तरी वाडीचा ग्रुप त्याच्या मोबाईलवर असणारच. माझ्या चुलतभावाला गेल्या वर्षी असंच बाहेर ठेवलं होतं. तो रात्री चादरीत पालखीचे व्हिडिओ बघायचा, मग पुढचा, मग दुसऱ्या गावाचा. ढोल वाजवून माणूस दमतो तरी. व्हिडिओ बघून दमतच नाही.

गणिताचे सर

दहावी ब, तू नीट लिहिलंस. शाळेत एकत्र बसून एकमेकांना प्रश्न विचारणं हा पुस्तक पाचव्यांदा वाचण्यापेक्षा चांगला अभ्यास आहे. आठवून सांगावं लागतं तेव्हाच कळतं काय येतं आणि काय नाही.

मोबाईलचा मुद्दाही खरा, पण त्यावर उपाय आत्याच्या हातात आहे. माझं मत मी पूर्ण बदललेलं नाही. मानकऱ्यांच्या गावासारखं नवाला आवरणारं गाव असेल तर मी मुलाला घरी ठेवा म्हणेन. नसेल तर पेपराच्या आदल्या दोन रात्री तो गावात नसावा, मग कोण काहीही म्हणो. आणि बारावीच्या आईंनी लिहिलंय त्यावर आपल्यापैकी कुणाकडेच उत्तर नाही. माझ्या वर्गातल्या मुली शिमग्याच्या आठवड्यात जादा तासाला येत नाहीत. इतकी वर्षं हजेरीत ते दिसतं.

चाकरमानी_लालबाग

यंदा आम्ही मुंबईहून येणारे पाच-सहा घरचे पुरुष पाण्याचं आणि चहाचं बघतो, मंडळाच्या मीटिंगमध्ये विषय काढतो. जमेल की नाही ते आत्ता सांगत नाही, विषय मात्र नक्की काढणार.

सहाणेवरची

काल बाबांशी फोनवर बोलले. राजापूरच्या काकांनी नवाच्या आतलं लिहिलंय ते वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, आपल्या वाडीत हे मांडायचं तर बैठकीत मांडावं लागेल आणि मांडायला तूच ये. शनिवारी रात्रीच्या गाडीचं बघतेय. सर, भावाचे विज्ञानाचे दोन पेपर आणि होळी यात नेमकं किती अंतर आहे ते वेळापत्रकावरून काढून ठेवलंय, ते घेऊनच जाते. काका, तुमच्याकडे बैठकीत नेमकं काय ठरलं ते लेखी असेल तर इथे टाकाल का? चाकरमान्यांनी कुरकुर केली तेव्हा त्यांना काय उत्तर दिलं, तेही सांगा, कारण आमच्याकडे पहिला आवाज तिथूनच येणार आहे.